लोकशाही संसारांचे मूल्यमापन

आमचे संचालकसाहेब एखाद्या कामाला "पंधरा दिवसांचं काम आहे" असं म्हणाले, की त्या कामात आधीचे दोघं तरी गारद झालेले आहेत असं खुशाल समजावं. एकवीस वर्षं संस्थेत काढल्यावर मला एवढं कळत होतं. तरीही त्या सोमवारी त्यांनी मला खोलीत बोलावलं, चक्क खुर्चीवर बसायला सांगितलं आणि म्हणाले, "जगातल्या लोकशाही संसदा खरोखर किती लोकशाही आहेत, हे मोजायला निर्देशक हवेत. ते तयार करायला एक सल्लागार नेमायचाय. पंधरा दिवसांचं काम आहे." मी "हो" म्हणालो. का म्हणालो, याचा पुढे मी पुष्कळ विचार केला. बसायला सांगितलं होतं म्हणून. दुसरं कारण सापडत नाही.

आमची संस्था संसदभवनाच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर आहे. ती संसदांचा अभ्यास करते. म्हणजे देशोदेशीचे अहवाल मागवते, त्यांच्यावर क्रमांक टाकते आणि कपाटात लावते. कपाटाची किल्ली माझ्याकडे असते, म्हणून मी सहायक संचालक. मागच्या परिषदेत जेवणानंतरच्या भाषणाच्या भरात साहेबांनी जाहीर करून टाकलं होतं, की पुढच्या वेळी अठरा देशांच्या संसदांचे सचिव आमच्याकडे येतील आणि आम्ही त्यांच्यासमोर निर्देशकांचा संच ठेवू. टाळ्या पडल्या. त्या पुढच्या परिषदेला आता दहा आठवडे उरले होते. शिवाय माझ्या उपसंचालकपदाची फाइल साहेबांच्याच टेबलावर होती, हे त्यांनी सांगितलं नाही. फक्त बोलताना तिच्यावर हात ठेवला.

घरी जेवताना मी ही बातमी जराशी सहज सांगितल्यासारखी सांगितली.

"निर्देशक म्हणजे काय हो?" बायकोने विचारलं.

"तापमापक असतो ना, तसं. ताप आलाय हे माणूस सांगतो, किती आलाय ते तापमापक."

"आणि ताप आलेल्याने तोंडच उघडलं नाही तर?"

या प्रश्नात सबंध विषय आला होता, हे मला फार नंतर कळलं. त्या वेळी मी फक्त वरण मागितलं.

ही वाक्यं आमच्या भिंतीतून ऐकू गेली असणार, कारण दुसऱ्या दिवशी जिन्यात वरच्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक भेटले. "निर्देशक शोधताय म्हणे? नाटक बसवताय?" मी खुलासा केला. तो ऐकून त्यांना अधिकच जोर चढला. "अहो, सोपं आहे. हजेरी घ्या. खोड्या करणाऱ्याला उभं करा. बाकी लोकशाही आपोआप येते." शेजारचे दंतवैद्य कुलूप लावता लावता म्हणाले, "वरून काही कळत नसतं. वरून सगळे दात पांढरेच. उघडून, ठोकून बघायचं. जो ओरडेल तो किडका." मी दोघांचे आभार मानले. त्यात दोघांचंही समाधान झालं नाही. मुख्याध्यापकांनी तर त्याच संध्याकाळी हजेरीपटाचा नमुना आखून आणून दिला.

तेवढ्यात साडूभाऊंचा फोन आला. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते व्यवसायाने सल्लागार आहेत. कशाचे, हे विचारायचं धाडस घराण्यात कोणी केलेलं नाही. "तुमच्याकडे जागा निघतेय असं ऐकलं," ते म्हणाले. "मी अर्ज करणार. ओळखीने नको हं. गुणांवर." असं म्हणणाऱ्या माणसाला काय उत्तर द्यावं, हे कोणत्याही संस्थेने अजून ठरवलेलं नाही.

ऑफिसात आधी कामाची व्याप्ती लिहायची होती. मी ती दीड पानात लिहिली. ती नऊ विभागांत फिरून आली तेव्हा एकतीस पानांची झाली होती, आणि तिच्यात ग्रंथालयाच्या गळक्या छताचाही उल्लेख होता. कारण ग्रंथपाल म्हणाले, एवढं जाड काहीतरी वर जातंच आहे तर आमचंही जाऊ दे. मग ती प्रशासन अधिकाऱ्यांकडे गेली. यांचं प्रत्येक वाक्य 'परंतु'ने सुरू होतं, म्हणून त्यांना सगळी संस्था परंतुसाहेब म्हणते. त्यांना ते ठाऊक आहे आणि त्यांची हरकत नाही.

"परंतु," ते म्हणाले, "नियमानुसार सल्लागाराला अशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा."

"साहेब, असं काम कोणी केलेलंच नाही. म्हणून तर करून घेतोय."

"परंतु मग पात्र कोणीच ठरणार नाही."

"मग काय करायचं?"

"परंतु जाहिरात द्यायला काहीच हरकत नाही."

जाहिरात गेली. मजकूर मी स्वतः तीनदा तपासला होता: 'लोकशाही संसदांचे मूल्यमापन करण्यासाठी निर्देशक तयार करणारा सल्लागार पाहिजे.' गुरुवारी ती छापून आली. मुख्याध्यापकांनी सकाळी सात वाजता दार वाजवून वर्तमानपत्र माझ्या हातात दिलं. लाल शाईने एका शब्दाखाली रेघ मारलेली होती. 'लोकशाही संसारांचे मूल्यमापन करण्यासाठी...'

"आमच्या काळी अशा चुकीला शंभर वेळा लिहायला लावायचो," ते म्हणाले, आणि माझ्याकडे अशा नजरेने बघत राहिले, की मी वही शोधायला लागेन की काय असं मलाच वाटलं.

अर्ज आले बासष्ट. बहुतेक विवाह समुपदेशकांचे. एक कौटुंबिक न्यायालयातल्या निवृत्त न्यायाधीशांचा. एका गृहस्थाला सल्लागार व्हायचंच नव्हतं. आपल्या घराचं मूल्यमापन करून हवं होतं, आणि तेही पत्नी माहेरी असताना. शुद्धिपत्र काढायला हवं होतं. परंतु शुद्धिपत्रालाही जाहिरातीइतक्याच सह्या लागतात. ते तीन आठवड्यांनी छापून आलं ते हरवलेल्या वस्तूंच्या रकान्यात, आणि त्यानंतर फक्त दोन अर्ज आले. एक कुठल्याशा मोठ्या कंपनीतल्या तरुणाचा, दुसरा साडूभाऊंचा.

त्या आठवड्यात बासष्ट अर्ज मी घरी आणले होते. बायको ते इतक्या गोडीने वाचायची, की मला थोडी काळजी वाटायला लागली. एका संध्याकाळी तिने एक कागद पुढे सरकवला. "हा बघा. बाई शहाणी आहे."

स्वच्छ हस्ताक्षरातलं एकपानी पत्र होतं. 'एकतीस वर्षे संसदेच्या सभागृहात लघुलेखिका म्हणून बसून प्रत्येक शब्द उतरवून घेतला आहे. आपल्या जाहिरातीत छपाईची चूक असावी. नसल्यासही माझे म्हणणे तेच राहील. निर्णय कोण घेते हे विचारू नये, कारण सगळेच "आम्ही मिळून घेतो" असे सांगतात. निर्णय झाल्याचे सर्वांत शेवटी कोणाला कळते, ते शोधावे.'

मी ते दोनदा वाचलं. मग बायकोकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती. गेल्या वर्षी मी घर बदलायचं ठरवून, विचारपूस करून, इसारापर्यंत येऊन मग तिला सांगितलं होतं, ते मला उगाचच आठवलं.

दुसऱ्या दिवशी मी तो अर्ज परंतुसाहेबांपुढे ठेवला. "परंतु वय चौसष्ट," ते म्हणाले. सल्लागाराला वयाची अट नाही, मी दाखवलं. "परंतु पदवी नाही." पदवी 'इष्ट' आहे, 'आवश्यक' नाही, मी दाखवलं. "परंतु अनुभव?" मी म्हणालो, "अशाच कामाचा, एकतीस वर्षं, रोज." त्यांनी नियमांचं पुस्तक मागून पुढे चाळलं, पुढून मागे चाळलं. "परंतु..." ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्या शब्दापुढे काही आलं नाही. मुलाखतीला तिघं झाले.

आता माझा प्रश्न उरला. निवड समितीत साहेब, परंतुसाहेब आणि मी होतो. साडू उमेदवार असताना मी समितीत कसा बसणार? मी हितसंबंधांच्या घोषणेचा नमुना मागवला. त्यात वडील, भाऊ, पत्नी, जावई सगळे होते. साडू नव्हता.

"परंतु नियमाच्या दृष्टीने साडू हे नातंच नाही," परंतुसाहेब म्हणाले.

"नियमाचं लग्न झालेलं दिसत नाही," मी म्हणालो, आणि वेगळा कागद जोडला. परिणाम असा झाला, की माझ्या जागी बाहेरचे एक वयोवृद्ध तज्ज्ञ आले आणि माझी नेमणूक व्हरांड्यात झाली. उमेदवारांना नावाने हाक मारून आत सोडायचं. एकवीस वर्षं नोकरी आणि काम द्वारपालाचं! त्यात समितीच्या खोलीतला पंखा बिघडलेला, म्हणून दार सताड उघडं. आतलं सगळं मला ऐकू येत होतं.

आधी तो कंपनीचा तरुण गेला. मग लघुलेखिका बाईंची पाळी. त्या पाच मिनिटांत बाहेर आल्या. "एवढ्यात झालं?" मी विचारलं. "त्यांनीच बोलून घेतलं," त्या म्हणाल्या, आणि घरी जायच्या ऐवजी माझ्याशेजारच्या बाकावर टेकल्या. मग साडूभाऊ. कडक इस्त्रीचा कोट, हातात रंगीत तक्ते. माझ्याकडे त्यांनी ओळख न दाखवता बघितलं, गुणांवर. आत त्यांनी वर्तुळं दाखवायला सुरुवात केली. निळं वर्तुळ म्हणजे जनता, हिरवं म्हणजे प्रतिनिधी, मधे दोन्ही मिळून जे होतं ते भविष्य. साहेब खूश झाले. खूश झाले की साहेब बोलतात. ते बोलत राहिले.

सहज माझं लक्ष बाजूला गेलं. बाईंच्या मांडीवर वही होती आणि पेन्सिल सरसर चालत होती. शेजारी मनगटी घड्याळ काढून ठेवलेलं.

"बाई, हे काय करताय?"

"काय?" त्यांनी हाताकडे पाहिलं आणि ओशाळल्या. "अगं बाई! सवय हो. कोणी माईकवाल्या आवाजात बोलायला लागलं की हात आपला चालतो. पहिल्या उमेदवारापासून लिहितेय की मी, माझ्या पाच मिनिटांतसुद्धा." पण लिहायचं त्यांनी थांबवलं नाही. वाक्य अर्धं होतं ना.

समितीने एकमताने साडूभाऊंना निवडलं. संध्याकाळी बायकोच्या बहिणीचा, म्हणजे ताईंचा, फोन आला, बायको हसली, मीही हसलो. मला तसा आनंद झाला होता. आनंदाच्या खाली काहीतरी टोचत होतं, पण बूट नवे असले की पहिले दोन दिवस टोचतातच.

दुसऱ्या दिवशी सकाळी परंतुसाहेब माझ्या टेबलाशी आले. त्यांचा चेहरा पडला होता. "परंतु मुलाखतीचं शब्दशः कार्यवृत्त जोडल्याशिवाय निवड वैध होत नाही. लेखनिक रजेवर होता. यंत्र लावलं होतं, परंतु त्यात फक्त पंखा आलाय."

"म्हणजे?"

"परंतु आठवणीवरून लिहून काढू. सगळी मोठी माणसं आहेत, सह्या करतील."

मी टेबलावरचा कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा उचलला आणि परत ठेवला. मी गप्प बसलो असतो तर साडूभाऊंची नेमणूक झाली असती, घरात सुख नांदलं असतं, साहेबही माझ्यावर राजी राहिले असते. गप्प बसण्यासारखं सोपं काम नाही, आणि त्याचा माझा अनुभव एकवीस वर्षांचा होता.

"कार्यवृत्त आहे," मी म्हणालो.

बाईंनी संध्याकाळपर्यंत अकरा पानं टंकून आणून दिली. साहेबांच्या खोलीत परंतुसाहेबांनी ती वाचली. तिन्ही मुलाखती मिळून सत्तर मिनिटं. त्यात साहेब एक्केचाळीस मिनिटं बोलले होते. तज्ज्ञांच्या नावापुढे तीन ठिकाणी '(घोरण्याचा आवाज)' असं होतं, आणि खाली टीप: 'नोंदीतून वगळण्याचा आदेश कोणी दिला नाही.' शेवटच्या पानावर हिशोब होता. 'संसद' हा शब्द उमेदवारांकडून नऊ वेळा. समितीकडून एकदा: 'संसदेसमोर गाडी लावायला जागा मिळाली का?'

साहेबांनी पानं ओढून घेतली आणि घोरण्याच्या तिन्ही जागा बोटाने मोजल्या. हेही बाईंनी बहुधा नोंदवलं असतं.

"हे बाहेर गेलं तर?" शेवटी त्यांनी विचारलं.

"परंतु गोपनीयतेचा करार करून घेता येतो," परंतुसाहेब म्हणाले.

"मग घ्या करून!"

"परंतु तो फक्त नेमलेल्या सल्लागारालाच लागू होतो."

साहेबांनी पानं उलटी करून ठेवली. "मग नेमा बाईंना," ते म्हणाले. माझ्या फाइलवर मात्र त्यानंतर त्यांनी हात ठेवला नाही. तिच्यावर वर्तमानपत्र ठेवलं.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि एकच म्हणाली, "भाऊजींना तुम्ही स्वतः जाऊन सांगा. फोनवर नको."

रविवारी मी गेलो, पण बातमी माझ्याआधी पोचली होती. ताईंनी पाणी दिलं आणि त्या आत निघून गेल्या. पेला इतका भरलेला होता, की राग त्यात मावला नसावा. साडूभाऊ गच्चीवर होते. तक्ते वाळत घातल्यासारखे कठड्याला टेकवलेले.

"त्या कागदांचं तुम्ही सांगितलंत?" त्यांनी विचारलं.

"हो."

"न सांगून चाललं असतं?"

"चाललं असतं."

त्यांनी एक कललेला तक्ता सरळ केला. मग म्हणाले, "मला एकोणीस महिने काम नाही. हिला माहीत नाही. सकाळी बॅग घेऊन निघतो आणि वाचनालयात बसतो. ही वर्तुळं तिथेच काढली. तेरा वेळा काढली. मला खरंच वाटलं होतं, या वेळी जमतंय."

त्यांची वर्तुळं खरोखरच गोल होती. एवढं मी म्हणालो, आणि म्हटल्याबरोबर जीभ चावली. पण ते हसले. "तेवढं येतं मला," म्हणाले. निघताना मी एवढंच म्हटलं, "ताईंना सांगून टाका." त्यांनी मान हलवली. ती होकाराची होती की निरोपाची, ते कळलं नाही.

बाई माझ्या टेबलाच्या अर्ध्या भागावर बसून काम करायच्या. तीन आठवड्यांत त्यांनी अकरा निर्देशक केले, एका कागदाच्या दोन्ही बाजूंना. विरोधकाच्या प्रश्नाला उत्तर किती दिवसांनी येतं, आणि ते त्याच प्रश्नाचं असतं का. कायदा मंजूर होण्याआधी तो वाचून होईल इतका वेळ मिळतो का. ज्याला बोलायला उभं केलं त्याचं वाक्य पुरं होऊ देतात का. सामान्य माणूस कोणाच्या ओळखीशिवाय प्रेक्षक कक्षात पोचू शकतो का, आणि तिथे रोज किती जण बसलेले असतात.

"परंतु करारात 'अहवाल' आहे, 'कागद' नाही," परंतुसाहेब म्हणाले. म्हणून मी प्रस्तावना, ऋणनिर्देश, संक्षेपांची सूची आणि 'हे पान मुद्दाम कोरे ठेवले आहे' अशी सात पानं घालून तो चौसष्ट पानांचा केला. सहायक संचालकाचं खरं कसब इथे दिसतं.

अठरा देशांचे सचिव आले. त्यांनी मधली दोन पानं वाचली, बाकीची उलटली आणि मनापासून माना डोलावल्या. साहेबांनी स्वागताचं भाषण चार मिनिटांत आटोपलं. तेवढ्यात मागच्या रांगेतून एका सचिवबाईंनी हात वर केला. "फार उत्तम. आणि तुमच्या स्वतःच्या संसदेचा निकाल काय आला?"

साहेबांनी लघुलेखिका बाईंकडे पाहिलं. "माझा करार काल संपला," त्या म्हणाल्या. साहेबांनी परंतुसाहेबांकडे पाहिलं. परंतुसाहेब छताकडे बघत होते.

"मी मोजतो," कोणीतरी म्हणालं. तो मी होतो.

साहेबांनी नंतर मला काहीच म्हटलं नाही. म्हणणार काय? अठरा देश साक्षीदार होते. संध्याकाळी घरी आल्याबरोबर, चपला काढायच्याही आधी मी बायकोला सांगितलं. "बरं झालं," ती म्हणाली, आणि मग, "भीती वाटतेय का?" मी "छे" म्हणालो. तिने मला जास्तीचा भात वाढला.

अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी मी संसदभवनाच्या मोठ्या दारातून आत गेलो. एकवीस वर्षं मागच्या गल्लीत काढली, पण या दारातून मी कधी गेलो नव्हतो. ओळख न सांगता प्रेक्षक कक्षात पोचायला एक तास दहा मिनिटं लागली. ती लिहिली. पुढचा रकाना 'उपस्थित नागरिक' असा होता. दोनशे खुर्च्या, सगळ्या रिकाम्या. मी स्वतःला मोजावं का? हा प्रश्न मी आदल्या दिवशी परंतुसाहेबांना विचारून ठेवला होता. "परंतु कर्मचारी कामावर असताना नागरिक नसतो," ते म्हणाले होते. म्हणून मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलो होतो. त्या रकान्यात मी 'एक' लिहिलं.

खाली कोणीतरी मंत्री बोलत होते. पावणेबारा वाजता मागचं दार वाजलं. वळून बघतो तर साडूभाऊ. इस्त्रीचा कोट, पण हातात बॅग नाही. ते येऊन माझ्या शेजारी बसले.

"हिला सांगितलं," ते हळूच म्हणाले.

"मग?"

"दोन दिवस बोलली नाही. आज सकाळी म्हणाली, घरात नका बसू, त्यांच्यासोबत जाऊन बसा." त्यांनी खाली डोकावून पाहिलं. "हे केव्हापासून बोलतायत?"

"सव्वीस मिनिटं."

"विषय काय?"

"अजून आला नाही."

साडूभाऊंनी मनगटावरचं घड्याळ काढून समोरच्या कठड्यावर ठेवलं. मी 'एक' खोडून 'दोन' केलं, आणि खाडाखोड झाली म्हणून शेजारी सही केली.